उन्हाळी सुटीतील वाचन आणि वाचन-प्रतिसाद : अहिल्यानगर जिल्ह्यातील इयत्ता चौथी ते सातवीच्या विद्यार्थ्यांच्या विशेष संदर्भात

गोषवारा

उन्हाळी सुटीत मुलांनी अवांतर वाचन करावे, ही अपेक्षा सर्वत्र व्यक्त होते. प्रत्यक्षात सुटीच्या काळात शाळेतील पुस्तकांचे कपाट बंद असते आणि वाचनानंतर मुलाकडून मागितला जातो तो केवळ सारांश. प्रस्तुत लेखात इयत्ता चौथी ते सातवी या टप्प्यावरील सुटीतील वाचनाचा आणि वाचलेल्या पुस्तकाला मुलाने द्यावयाच्या प्रतिसादाचा विचार अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या परिस्थितीत केला आहे. सुटीतील वाचनाचे यश 'हाती पुस्तक' आणि 'ऐकणारा माणूस' या दोन गोष्टींवर अवलंबून असते, तसेच प्रतिसाद ही परीक्षा न राहता संवाद झाला पाहिजे, अशी लेखाची मांडणी आहे. शेवटी सहा आठवड्यांचा आराखडा आणि महाविद्यालयांची संभाव्य भूमिका यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : उन्हाळी सुटी, अवांतर वाचन, वाचन-प्रतिसाद, हंगामी स्थलांतर, बालसाहित्य, सार्वजनिक ग्रंथालय.

१. प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षात साहित्यकृतीवर स्वतःचे मत मांडण्यास सांगितले असता अनेक विद्यार्थी गप्प राहतात किंवा मार्गदर्शक पुस्तकातील मुद्दे उतरवून काढतात, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांना नवा नाही. या उणिवेचे मूळ शोधताना अकरावी-बारावीच्या अध्यापनाकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः ते त्याहून मागे, प्राथमिक शिक्षणाच्या वरच्या पायरीवर सापडते. इयत्ता तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. चौथीपासून त्याने वाचून शिकावे, अशी अपेक्षा असते. पाठ लांब होतात, परिसर अभ्यास व विज्ञान यांतील परिभाषा येऊ लागते, चित्रे कमी होतात. अक्षरओळख असलेले पण वाचनाची गोडी न लागलेले मूल याच वळणावर मागे पडू लागते.

महाराष्ट्रातील शाळांच्या परंपरागत रचनेमुळे या वळणाला आणखी एक पदर आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ प्राथमिक शिक्षणाचे पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे मानतो. असे असले तरी ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आणि पाचवीपासून एखाद्या शिक्षणसंस्थेचे माध्यमिक विद्यालय, ही व्यवस्था आजही अनेक गावांत आढळते. चौथी संपलेल्या मुलाची सुटी त्यामुळे दोन शाळांच्या मधोमध येते. जुन्या शाळेने दाखला दिलेला असतो, नव्या शाळेत नाव लागायचे असते. त्या सहा आठवड्यांत मुलाने काय वाचले, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सुटी आणि वाचनक्षमता यांच्या संबंधाविषयीच्या अभ्यासांचा परामर्श घेणे. (२) जिल्ह्यातील मुलांच्या उन्हाळ्याचे वास्तव लक्षात घेणे. (३) वाचन-प्रतिसादाची संकल्पना व तिची व्यवहार्य रूपे स्पष्ट करणे.

२. जिल्ह्याची वाचनपरंपरा

नगर जिल्ह्याला ग्रंथ आणि शिक्षण यांची जुनी परंपरा लाभली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवासे येथे. नगर येथील जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ मधील असून ते महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक आहे. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये याच शहरातून सुरू झाले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते नगरमध्येच, मिस फरार यांच्याकडे.

मराठी बालसाहित्याचा प्रवासही जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक सुरू केले आणि बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून मुलांच्या हाती येऊ लागले. मराठीत मुलांसाठी वाचण्याजोगे काही नाही, ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. खरा प्रश्न पुस्तक आणि मूल यांच्यामधील अंतराचा आहे, आणि ते उन्हाळ्यात सर्वाधिक वाढते.

३. सुटी आणि वाचनक्षमता : अभ्यासांचा परामर्श

दीर्घ सुटीचा शिकण्यावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुटीनंतर मुले सरासरीने सुमारे एका महिन्याच्या अध्ययनाइतकी मागे गेलेली आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाचनाच्या बाबतीत मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुले सुटीत टिकून राहत किंवा किंचित पुढे जात, तर गरीब कुटुंबांतील मुले मागे पडत. सुटी तीच, पण घरात पुस्तक असणे वा नसणे यासारख्या फरकांमुळे तिचा परिणाम वेगळा होत असे.

या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले आहेत. पॉल फॉन हिपेल यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, जुन्या चाचण्यांच्या रचनेमुळे ही घट प्रत्यक्षाहून मोठी भासली असण्याची शक्यता आहे. यास्तव 'उन्हाळ्यात मुले सारे विसरतात' असे सरसकट विधान करणे योग्य नाही. तथापि, शाळा दीर्घकाळ बंद राहिली तर काय घडते, याचा भारतीय पुरावा कोविडकाळाने दिला. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील १६ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास केला. त्यांत ९२ टक्के मुलांनी भाषेतील किमान एक पूर्वप्राप्त क्षमता गमावल्याचे दिसले. 'असर' अहवालांनुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे निम्मे होते. ते २०२२ मध्ये ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा ४९ टक्क्यांच्या जवळ आले. कोविडकाळातील बंद आणि नेहमीची सुटी यांची तुलना मर्यादित अर्थानेच करता येते, हे खरे. परंतु वाचनक्षमता वापराविना मंदावते आणि वापराने सावरते, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

उपायांविषयीचे अभ्यास अधिक उद्बोधक आहेत. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅक्गिल-फ्रान्झेन व सहकाऱ्यांनी फ्लोरिडा राज्यातील १७ शाळांमधील गरीब मुलांना सलग तीन उन्हाळे प्रत्येकी १२ पुस्तके दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांच्या वाचनात लहान पण निश्चित सुधारणा आढळली आणि सर्वांत गरीब मुलांत ती अधिक होती. जेम्स किम व थॉमस व्हाइट यांनी २००८ मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट पाडून तुलना केली. काही मुलांना केवळ पुस्तके दिली. काहींना पुस्तकांबरोबर सुटीपूर्वी शिक्षकांनी मोठ्याने वाचण्याचा व आकलनाचा सराव दिला आणि घरच्या माणसाला वाचून दाखविण्यास सांगितले. पुस्तके मुळीच न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत स्पष्ट लाभ दिसला तो या दुसऱ्या प्रकारच्या मदतीसह पुस्तके मिळालेल्या गटात.

या दोन अभ्यासांतून दोन अटी हाती येतात. पहिली, मुलाला आवडीचे पुस्तक प्रत्यक्ष मिळाले पाहिजे. दुसरी, त्या वाचनाला दाद देणारे कोणीतरी असले पाहिजे.

४. जिल्ह्यातील मुलांचा उन्हाळा

मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत राहणारी ही सुटी सर्व मुलांसाठी सारखी नसते. चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात किमान तीन प्रकारचे उन्हाळे दिसतात.

पहिला उन्हाळा पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलांपैकी काही आईवडिलांबरोबर कोपीवर राहतात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ. बरोबर गेलेले मूल गावी परतते तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. सारे कुटुंब घरी असते, मुलाला वेळ असतो आणि शाळेला कुलूप असते. शाळेचे वेळापत्रक आणि या मुलाचे जीवन यांची दिशाच परस्परविरुद्ध आहे. त्याच्या दृष्टीने मे महिना ही शाळेपासूनची सुटी नसून गावातील पुस्तकांपर्यंत पोहोचण्याची वर्षातील सर्वांत मोठी संधी होय. आजच्या व्यवस्थेत ती दरवर्षी वाया जाते.

दुसरा उन्हाळा अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी मुलांचा. यांतील अनेक मुले आश्रमशाळेत राहून शिकतात आणि मे महिन्यात वाडीवर घरी जातात. पुस्तके वसतिगृहात राहतात. घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असते. परंतु याच घरात गोष्टी, गाणी आणि रानाचे ज्ञान असलेली वडीलधारी माणसे असतात. वाचनाचा उपक्रम या मौखिक धनाशी जोडला गेला तर ते मोठे बळ ठरेल.

तिसरा उन्हाळा प्रवरा-गोदावरीच्या बागायती पट्ट्यातील आणि शहरांतील मुलांचा. १९५० मध्ये लोणी येथे सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने ज्या परिसराचा कायापालट केला, तेथे आज इंग्रजी माध्यमाच्या शाळा, उन्हाळी शिबिरे व शिकवण्या आहेत. या मुलांना साधनांची वाण नाही. त्यांच्या हातून निसटत आहे ते मराठी वाचन, आणि फावला वेळ भ्रमणध्वनी व्यापून टाकतो.

तिन्ही उन्हाळ्यांत काही गोष्टी समान आहेत. लग्नसराई, मामाच्या गावी जाणे, कांदा काढणी व साठवण, गुरे राखणे यांत दिवस जातो. मुलींच्या वाट्याला पाणी, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ येतो. म्हणून कोणतीही योजना 'मुलांना भरपूर रिकामा वेळ आहे' या गृहीतकावर उभी करता येत नाही. वाचनाची वेळ दुपारच्या उन्हाची किंवा रात्रीच्या अंगणाची असणार, आणि मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असणार, हे धरूनच ती आखली पाहिजे.

५. वाचन-प्रतिसाद : पारायण आणि निरूपण

शाळांमध्ये अवांतर वाचनाची नोंद सामान्यतः एका तक्त्यात होते : पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, सारांश, मिळालेला बोध. या नोंदीचा हेतू मुलाने पुस्तक वाचले की नाही, हे तपासण्याचा असतो. मुलेही हे ओळखतात. मग मलपृष्ठावरील मजकूर उतरविला जातो आणि प्रत्येक गोष्टीचा बोध 'नेहमी खरे बोलावे' असा होतो. वाचलेल्या पुस्तकांची संख्या वाढते, वाचक वाढत नाही.

येथे मराठी परंपरेतीलच एक भेद उपयोगी पडतो. पारायणात ग्रंथ ठरलेल्या दिवसांत पूर्ण करणे महत्त्वाचे असते. निरूपणात एका ओवीवर थांबून तिचा अर्थ उलगडला जातो. दोन्हींना आपापले स्थान आहे. गावोगावी चातुर्मासात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, ऐकणारे मध्येच शंका विचारतात, आपल्या अनुभवातील दाखला देतात. ज्ञानेश्वरीतही श्रोत्यांना वेळोवेळी उद्देशून बोलले आहे. निरक्षर श्रोतासुद्धा अशा निरूपणात सहभागी होतो. शाळेतील अवांतर वाचनाने पारायणाची मोजदाद घेतली आणि निरूपण मात्र बाहेर ठेवले.

आधुनिक साहित्यविचारही याच दिशेने गेला आहे. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ च्या 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन' या ग्रंथात व पुढे १९७८ मध्ये विस्ताराने असे प्रतिपादन केले की, साहित्यकृतीचा अर्थ वाचक आणि संहिता यांच्या परस्परव्यवहारातून घडतो. माहिती काढून घेण्यासाठी केलेले वाचन आणि अनुभव घेण्यासाठी केलेले वाचन, असा भेद त्यांनी केला. भारतीय काव्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना आस्वादकाच्या अशाच सहभागावर भर देते. मुलाला गोष्ट अनुभवासाठी वाचायला देणे आणि नंतर त्यातून माहितीच तेवढी मागणे, हा विसंवाद आहे.

व्यवहारात काय विचारावे, याचे साधे उत्तर एडन चेंबर्स यांच्या 'टेल मी' (१९९३) या पुस्तकात मिळते. त्यांच्या पद्धतीचा गाभा चार चौकशांचा आहे : पुस्तकात काय आवडले, काय आवडले नाही, कोठे कोडे पडले, आणि कोणत्या गोष्टींचे एकमेकींशी नाते जाणवले. येथे कोणतेही उत्तर चूक ठरत नाही. मात्र 'असे का वाटले' हे सांगताना मूल पुन्हा पुस्तकाकडे वळते. दुसऱ्या व तिसऱ्या चौकशीला विशेष महत्त्व आहे. पुस्तक आवडले नाही किंवा कळले नाही, हे सांगण्याची मुभा मिळाल्याशिवाय आवडल्याच्या कबुलीला किंमत येत नाही.

६. प्रतिसादाची रूपे : काही उदाहरणे

प्रतिसाद लेखीच असावा, असा आग्रह चौथी-पाचवीच्या मुलाला वाचनापासून दूर नेऊ शकतो. वाचनाचा आनंद आणि लेखनाचे श्रम यांचे प्रमाण वयानुसार ठरले पाहिजे. पुढील रूपे कमी साधनांत शक्य आहेत.

(अ) बोलका प्रतिसाद : मूल मोठ्या माणसाला किंवा भावंडाला गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत सांगते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची रचनाच एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे. रोज एका रात्रीचा भाग मोठ्याने वाचावा आणि ऐकणाऱ्या आजीला 'तुमच्या लहानपणी असे काही घडले होते का' असे मुलाने विचारावे. यात आजी साक्षर असण्याची अट नाही.

(आ) नकाशा व चित्र : भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला जातो आणि सायकलवरून भटकत एकेका भानगडीत सापडतो. अशा कथेतील घटनास्थळांचा नकाशा काढताना मुलाला घटनांचा क्रम व कार्यकारणभाव लावावाच लागतो. सारांशातून जे साधावयाचे, ते येथे खेळातून साधते.

(इ) दुहेरी नोंद : वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे 'पुस्तकात असे आहे' आणि उजवीकडे 'माझ्या मनात असे आले' असे लिहिणे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'मधील शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. ही माहिती डावीकडे येईल. हंगामात कोपीवर राहून आलेले मूल उजवीकडे आपली शाळा कोठे कोठे भरली, हे लिहू शकेल. शाळेच्या नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत या अनुभवाला जागा नसते. त्याच पुस्तकातील मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या भेटीत छोट्या तोत्तोचानचे बोलणे चार तास ऐकून घेतात. वाचन-प्रतिसाद घेणाऱ्याची भूमिका कशी असावी, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

(ई) प्रश्नयादी आणि शोध : सहावी-सातवीच्या सक्षम वाचकाला वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) देता येते. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग घेण्यास शिकविणाऱ्या या कृषिशास्त्रज्ञाची कथा वाचून मुलाने आपल्या शेताविषयी पाच प्रश्न काढावेत आणि ते घरच्यांना विचारावेत. हिवरे बाजार व राळेगणसिद्धी या गावांच्या जिल्ह्यात माती आणि पाणी हे मुलांच्या परिचयाचे विषय आहेत. पुस्तक आणि परिसर यांची सांगड येथे सहज बसते.

(उ) पत्र : पात्राला, लेखकाला किंवा पुढे हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला लिहिलेले चार ओळींचे पत्र. शेवटच्या प्रकारचे पत्र पुस्तकातच ठेवावे. पुढच्या वाचकाला ते सापडते आणि वाचकांची साखळी तयार होते.

या सर्व रूपांत शिक्षकाने शोधावयाच्या खुणा मोजक्या आहेत : मूल पुस्तकातील नेमक्या प्रसंगाचा आधार देते का, स्वतःच्या अनुभवाशी नाते जोडते का, प्रश्न विचारते का, आणि दुसऱ्याचे ऐकून आपले मत बदलण्यास तयार होते का. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई वापरण्याचे हे स्थान नव्हे. त्यासाठी उरलेले शालेय वर्ष आहे.

७. सहा आठवड्यांचा आराखडा

एप्रिलचा शेवटचा आठवडा : वर्गात पुस्तके जमिनीवर मांडावीत. मुलांनी ती हाताळावीत, दोन पाने वाचून पाहावीत आणि प्रत्येकाने चार ते सहा पुस्तके निवडावीत. निवड मुलाची, सल्ला शिक्षकाचा. चौथीतील मूल दुसरीच्या स्तराचे पुस्तक घेत असेल तरी त्याला रोखू नये. एका पुस्तकाचे पहिले प्रकरण शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावे आणि वर उल्लेखिलेल्या चार चौकशांचा सराव वर्गातच करून घ्यावा. आश्रमशाळेतील मुलांसोबत पुस्तके घरी जाऊ द्यावीत.

मे महिना : आठवड्यातून एकदा, उन्हे उतरल्यावर, मंदिराचा सभामंडप, ग्रामपंचायत किंवा गावातील सार्वजनिक वाचनालय येथे तासाभराचा वाचनकट्टा भरावा. पहिली वीस मिनिटे मोठ्याने वाचन, नंतर गप्पा, शेवटी पुस्तकांची अदलाबदल. हंगामावरून परतलेल्या प्रत्येक मुलाला घरी जाऊन बोलावणे आवश्यक आहे. त्याचे नाव पटावर आहे की नाही, याची चौकशी येथे करू नये. भावंडांना घेऊन येण्यास मुलींना मुभा असावी आणि धाकट्यांसाठी चित्रपुस्तके ठेवावीत.

जूनचा पहिला पंधरवडा : मुलांनी काढलेली चित्रे, नकाशे, पत्रे यांचे छोटे प्रदर्शन भरवावे. चौथी उत्तीर्ण झालेल्या मुलांची वाचनवही जुन्या शाळेने नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांकडे सोपवावी. दाखल्याबरोबर मुलाची आवडती पुस्तकेही पुढे गेली तर नव्या शिक्षकाला संवादाची पहिली ओळ मिळते.

बक्षिसांविषयी सावध राहणे इष्ट. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये दाखविले की, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांना प्रशस्तिपत्रकाचे आमिष दाखविल्यानंतर त्यांची स्वयंस्फूर्त आवड कमी झाली. 'सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस' या स्पर्धेत पातळ पुस्तके निवडली जातात, आणि ज्या मुलाला एका पुस्तकासाठी महिना लागतो ते पहिल्याच आठवड्यात बाजूला होते.

८. अडचणी

पहिली अडचण कुलपाची. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे बंधनकारक आहे. परंतु पुस्तकांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असते आणि हरवलेल्या प्रतीचा जाब शिक्षकाला द्यावा लागेल, ही धास्ती असते. त्यामुळे पुस्तके सुरक्षित राहतात आणि न वाचलेली राहतात. शाळा व्यवस्थापन समितीने सुटीत पुस्तके देण्याचा ठराव करावा आणि वापराने फाटलेल्या प्रतींचे नियमानुसार निर्लेखन करून शिक्षकाला या भीतीतून मोकळे करावे. वाचून फाटलेले पुस्तक हे ग्रंथालयाचे नुकसान मानू नये.

दुसरी अडचण पुस्तकांच्या अपुऱ्या संख्येची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली शासनमान्य झालेली वाचनालये अनेक गावांत आहेत आणि ती सुटीतही उघडी असतात. शाळेने पुढाकार घेऊन मुलांना त्यांचे सभासद करून घ्यावे. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर वाचनस्तरानुसार मराठी गोष्टी आहेत. घरात एकच भ्रमणध्वनी असला तरी संध्याकाळी एक गोष्ट सर्वांनी मिळून वाचता येते.

तिसरी अडचण शिक्षकांच्या सुटीची. सुटी हा त्यांचा हक्क आहे आणि निवडणूक, जनगणना यांसारखी कामेही त्यांच्यावर येतात. वाचनकट्टा चालविण्याचा भार त्यांच्यावरच टाकणे न्याय्य ठरणार नाही. येथेच महाविद्यालयांचा संबंध येतो.

९. महाविद्यालयांची भूमिका

परीक्षा संपल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थी आपापल्या गावी परततात. ज्या गावात वाचनकट्टा भरावयाचा, त्याच गावात तो चालवू शकणारा तरुण वा तरुणी मे महिन्यात उपलब्ध असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पुनर्रचित पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न जिल्ह्यातील महाविद्यालयांना 'वाचनमित्र' हा उपक्रम या चौकटीत बसविता येईल. एका विद्यार्थ्याकडे आठ ते दहा मुले, सहा बैठका आणि प्रत्येक मुलाच्या प्रतिसादांची एक वही, इतके मर्यादित स्वरूप पुरेसे आहे.

मराठी विभागाने वाचनमित्रांना मोठ्याने वाचण्याचे व मुलांशी बोलण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' हे संच त्यासाठी उपयुक्त आहेत. समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांना यातून संशोधनसामग्री मिळेल. स्थलांतरित मुलांच्या सुटीतील वाचनाची जून व एप्रिलमधील नोंद काही वर्षे सातत्याने ठेवली गेली, तर अमेरिकेतील आकड्यांवर विसंबून राहण्याची गरज उरणार नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी बालविभागाची एक फिरती पेटी ठेवली, तर तिचा खर्चही फार नाही.

या उपक्रमाचा लाभ एकतर्फी नाही. दहा वर्षांच्या मुलाला 'तुला हे का आवडले नाही' असे विचारणारा पदवीचा विद्यार्थी तोच प्रश्न स्वतःलाही विचारू लागतो. प्रथम वर्षाच्या वर्गातील ज्या मौनाचा आरंभी उल्लेख केला, त्यावरील उपाय अशा दुहेरी शिक्षणात असू शकतो.

१०. निष्कर्ष

१. सुटीतील वाचनात मागे पडणे हा मुलाच्या आळसाचा परिणाम नसून प्रामुख्याने पुस्तक व श्रोता यांच्या अभावाचा परिणाम आहे.

२. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उन्हाळी सुटी ही गावातील शिक्षणाची सर्वांत मोठी सलग संधी ठरू शकते. त्यामुळे जिल्ह्यातील कोणत्याही वाचन उपक्रमात या मुलांचा विचार प्रथम व्हावा.

३. वाचन-प्रतिसादाचे स्वरूप तपासणीचे नसून संवादाचे असावे. बोलका, चित्ररूप व लेखी असे त्याचे प्रकार वयानुसार निवडावेत.

४. चौथी व पाचवी यांमधील सुटीची जबाबदारी दोन्ही शाळांनी वाचनवहीच्या हस्तांतरणाद्वारे वाटून घ्यावी.

५. पुस्तके सुटीत बाहेर जाऊ देण्याचा ठराव हे पहिले पाऊल असून त्यास स्वतंत्र निधीची आवश्यकता नाही.

६. महाविद्यालयांनी वाचनमित्रांच्या रूपाने श्रोता उपलब्ध करून द्यावा.

जिल्ह्यात ग्रंथ आहेत, ग्रंथालये आहेत आणि सांगण्या-ऐकण्याची परंपराही आहे. पाथर्डीच्या एखाद्या वस्तीवर मे महिन्यात परतलेल्या पाचवीतील मुलीपर्यंत त्यांतील एक पुस्तक पोहोचावे आणि तिला त्याविषयी काय वाटले, हे कोणीतरी बसून ऐकावे, एवढीच या विवेचनामागील अपेक्षा आहे. हे काम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, कपाटाला कुलूप लागण्यापूर्वी सुरू व्हावयास हवे.